खंडेनवमीला लावलेली धार

तिसऱ्या फेऱ्याला तुझा डावा पाय वळणावर अडला आणि उजवा पाय बर्फावर टेकला.

एवढंच झालं. तू पडली नाहीस, ओर्नेला. पडली असतीस तर लोक निदान हळहळले असते. एक पाय क्षणभर टेकला, तू तो उचललास आणि उरलेला गोल पुरा केलास. हॉलमध्ये इतकी शांतता होती की टेकलेल्या पायाचा आवाज मला कठड्यापाशी ऐकू आला. मग परीक्षक ओव्हरकोट घालून बर्फावर उतरले आणि तुझ्या रेघांवर वाकले. एकाने गुडघा टेकून हातमोजा काढला आणि रेघेला बोट लावून बघितलं. त्यांना काय दिसणार हे मला आधीच माहीत होतं. त्या हॉलमध्ये ते माहीत असलेली मी एकटीच होते आणि माझ्या हातात तुझी शाल होती.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुला मराठीतले दहा शब्द येत होते, त्यातले चार खाण्याचे. म्हणजे हेही तुला वाचता आलं नसतं. साठ वर्षं मी हेच केलं. खरं होतं ते तुझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलं. परवा तुला पुरलं. पाद्री चांगलं बोलला. तुझा आनंदी स्वभाव, तुझं दुकान, तुझी नातवंडं. तरुणपणी तू बर्फावर नाचायचीस असं एक वाक्य बोलला आणि पुढे गेला. नाचायचीस म्हणे. तू नाचायची नाहीस. तू गोल काढायचीस.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि मी पंचवीस. हॅनोव्हरच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ तो बर्फाचा हॉल होता. मी सकाळी तिथली फरशी पुसायचे आणि दुपारी लोकांचे कोट सांभाळायच्या खिडकीत बसायचे. आमचे हे सांगलीकडच्या कारखान्यातून काम शिकायला म्हणून जर्मनीत आले, इथल्या एका टूलरूममध्ये लागले आणि राहिले. मी मागून आले. चौथी शिकलेल्या बाईला जेवढी जर्मन येईल तेवढी मला येत होती. तुझे आईवडील इटलीतल्या डोंगरातले. उन्हाळाभर हॅनोव्हरमध्ये आइस्क्रीमचं दुकान चालवायचे आणि सप्टेंबर संपला की शटर ओढून गावी जायचे. तुला मात्र दुकानावरच्या खोलीत ठेवून जायचे, कारण तुझे मास्तर इथे होते. लढाईत थंडीने पायाची बोटं गेलेला तो म्हातारा जर्मन. काठी घेऊन बर्फाच्या मध्यावर उभा राहायचा आणि तुझ्यावर खेकसायचा.

त्या दिवशीही खेकसत होता. "हा गोल आहे की बटाटा?"

मी बादली घेऊन कडेने चालले होते. बघितलं आणि तोंडातून गेलं, "डावीकडे फुगलाय."

मास्तर वळले. "तुम्हाला काय कळतं यातलं?"

"मी घरी रोज दहा गोल थापते, पिठाचे," मी म्हटलं. "फुगलेला कळतो."

मास्तर वाकले, काठीने मोजल्यासारखं केलं आणि तुला म्हणाले, "गेनाऊ, बरोबर. बादलीवाल्या बाईला दिसतं आणि तुला दिसत नाही."

तू माझ्याकडे असं बघितलंस की बादलीतलं पाणी गोठावं. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी आलीस, कोट माझ्या अंगावर फेकलास आणि म्हणालीस, "आल्झो, तर मग आज कुठे फुगतो ते सांग. नाहीतर उगीच तोंड घालू नकोस."

तिथून सुरुवात.

लोकांना उड्या आणि गिरक्या आठवतात. त्या काळी निम्म्याहून जास्त गुण आकृत्यांना होते, आणि त्या बघायला कुणी येत नसे. कोऱ्या बर्फावर एका पायावर गोल काढायचा, त्याला लागून दुसरा काढायचा, ठरलेल्या जागी वळण घ्यायचं आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचं, आणि पुन्हा. तीन फेऱ्यांची रेघ एकच दिसली पाहिजे. दुसरा पाय टेकला की संपलं. तू रोज सकाळी चार चार तास हेच करायचीस. मी एकदा विचारलं, "एवढी फिरतेस, पोचतेस कुठे?"

"जिथून निघाले तिथेच."

"मग निघायचं कशाला?"

"वहिनी, तिथेच परत पोचणं हेच अवघड आहे. तू करून बघ."

आपलं हे भांडण कधी मिटलं नाही. मला ते शेवटपर्यंत वेळ घालवणं वाटलं आणि तुला मी शेवटपर्यंत अडाणी वाटले. पण सकाळी फरशी पुसताना तुझ्या पात्याचा आवाज कानावर असायचा. रेशमी कापड सावकाश फाडावं तसा. तो आवाज मला आवडायचा. हे तुला सांगितलं नाही, तू चढून बसली असतीस.

मला वहिनी म्हणायला तुला कुणी शिकवलं नव्हतं. रविवारी आमच्याकडे हॅनोव्हरच्या आणि ब्राउनश्वाइगच्या कॉलेजात शिकणारी आपल्याकडची चार-पाच मुलं जेवायला यायची, ती वहिनी म्हणायची म्हणून तूही म्हणायला लागलीस. त्यांच्यात मांडी घालून बसायचीस, आमटी ओरपायचीस आणि तिखटाने नाक गळायला लागलं की म्हणायचीस, "हो, हो, छान आहे." यांना तू चिडवायचीस. हे जेवल्यावर आपल्या कानशी फडक्यात गुंडाळून ठेवायचे, तेव्हा म्हणायचीस, "वहिनी, हा माणूस बायकोपेक्षा लोखंडाला जास्त जपतो." हे मान खाली घालून हसायचे. परक्या बाईसमोर दात दाखवून हसणारे हे नव्हते. तुझ्यासमोर हसायचे.

आणि ते आम्टमधलं, परवान्याच्या सरकारी कचेरीतलं. आमचा राहायचा परवाना संपत आला होता आणि खिडकीतला माणूस मला रोज उद्या ये म्हणत होता. तू सरावाच्या कपड्यांवर कोट चढवून माझ्याबरोबर आलीस. तू स्वतः परकी, अठरा वर्षांची, आणि त्याला म्हणालीस, "या बाईला उद्या बोलावलंत तर उद्या मी इथे येऊन इटालियनमध्ये गाणं म्हणेन, आणि मला गाता येत नाही." त्याने शिक्का मारला. बाहेर येऊन तू थरथरत होतीस. मी विचारलं, भीती वाटली का. तू म्हणालीस, "नंतर वाटते. करताना वाटत नाही."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. तू घाबरणारी नव्हतीस याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग करायची वेळ आली, तेव्हा मी ते गिळून टाकलं.

आता त्या ऑक्टोबरचं लिहायलाच हवं.

इटलीच्या संघात त्या वर्षी मुलींची एकच जागा होती. मिलानची एक मुलगी आणि तू. दोघी आपल्याच हॉलमधल्या स्पर्धेत उतरणार होतात. इटलीहून तपकिरी टोपीवाला एक अधिकारी बघायला आला होता. जिचा नंबर वर लागेल ती हिवाळ्यात मोठ्या स्पर्धांना जाणार. आणि तुझ्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या वर्षी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापासून काउंटरच्या मागे उभी राहा. तुला काउंटर नको होतं. तुला दुसरं काहीच नको होतं, ते गोल हवे होते.

तुझे बुटांचे दोन जोड होते. उड्यांच्या जोडाला धार असायची. आकृत्यांच्या जोडाची धार मास्तर स्वतः दगड फिरवून मारून, बोथट करून ठेवायचे, म्हणजे पातं बर्फात रुतत नाही आणि वळताना सहज सुटतं. हे मला तूच सांगितलं होतंस. या जोडाला मास्तरांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असंही सांगितलं होतंस. मी बरं म्हटलं. पण मनात त्याचा अर्थ असा घेतला की परक्याने हात लावायचा नाही.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी तू तो जोड घरी घेऊन आलीस. डाव्या बुटाचं आतलं अस्तर फाटून टाच सोलत होती. "शिवून दे वहिनी. मास्तर म्हणतात आता आकृत्या बंद, डोळे थकतात. परवा सकाळी थेट बर्फावर." दुकानावरची तुझी खोली गारठलेली, आमचं स्वयंपाकघर उबदार. जोड माझ्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. जर्मनीत आल्यापासून सणवार बरेच सुटले होते, पण यांनी खंडेनवमी सोडली नव्हती. कामावरून आले की हातपाय धुऊन पाट मांडायचे. त्यावर कानशी, मोजायची साधनं, तेलाचा दगड, माझी कात्री, विळी. सगळं पुसून, तेल लावून, धार करून. बोथट हत्यार देवीपुढे ठेवायचं नाही हा त्यांच्या वडिलांचा नियम. वडील गावात लोहारकाम करायचे.

अस्तर शिवून तुझे बूट मी खुर्चीवर ठेवले होते. मी म्हटलं, "अहो, तिचंही हत्यारच की हे. ठेवा पाटावर."

यांनी बूट उचलला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. चेहरा पडला त्यांचा. "ही धार आहे? हिने काकडीसुद्धा कापायची नाही. उद्या ना तिची परीक्षा?"

"मग लावा की."

"तिला विचारायला नको?"

"विचारायचं काय त्यात? उद्या बघेल आणि खूश होईल."

हे मी म्हटलं, यांनी नाही. मी. यांना विचारायचं होतं.

तास-दीड तास हे दगड घेऊन बसले. दिव्यापाशी पातं धरायचे, एका डोळ्याने बघायचे, पुन्हा दोन हात फिरवायचे. चारही कडा अशा केल्या की कागद धरला तर आवाज न होता दोन तुकडे. मला म्हणाले, "इतकी सरळ धार माझ्या हातून आजवर लागली नव्हती." मग पाटावर ठेवले, फूल वाहिलं, मी बुटाच्या चामड्यावर कुंकवाचं बोट लावलं. नमस्कार केला. तुझ्यासाठी केला, ओर्नेला. मी देवाकडे फारसं काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं.

संध्याकाळी तू जोड न्यायला आलीस. कुंकू बघून विचारलंस, "तुमचा देव स्केटिंग करतो का?"

"देवी आहे. आठ हात आहेत तिला, तोल जायचा नाही."

"मग उद्या दोन मला दे म्हणावं उसने."

पात्यांवर रबरी म्यान चढवलेलं होतं. ते काढून बघायचं तुला कारण नव्हतं. धारेचं सांगायचं राहून गेलं, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. राहून गेलं नव्हतं. दिवाळीचे कपडे पोरांपासून लपवून ठेवतात तसं मी ते राखून ठेवलं होतं.

सकाळी सरावाची पाच मिनिटं मिळाली. तू एक गोल घेतलास आणि थांबलीस. पाय उचलून पात्याकडे बघितलंस, मग मास्तरांकडे. मास्तर कठड्यावरून म्हणाले, "बर्फ कडक धरलाय आज. सगळ्यांनाच आहे. गुडघा वाकव." बर्फ कडक होता हे खरं. दुसऱ्या मुलीही कुरकुरत होत्या. पण मी आवाज ऐकला. कापड फाडल्याचा तो आवाज नव्हता, खरवडल्याचा होता. करपलेलं दूध भांड्याला लागावं आणि कुणी ते उलथन्याने काढावं तसा. तुझं ते बोलणं मला आठवलं, पातं रुतू नये म्हणून धार मारतात. आठवलं तेव्हा तुझं नाव पुकारलं होतं. मला ओरडता आलं असतं. कोट सांभाळणारी बाई कठड्यावरून ओरडली असती तर फार तर बाहेर काढली असती. मी ओरडले नाही.

पहिल्या दोन आकृत्या तू कशाबशा ओढल्यास. तिसरीला पाय टेकला. उरलेल्या तीन आकृत्या ज्या मुलीने काढल्या ती मला ओळखू आली नाही. अकरा जणींत तू नववी. मिलानची मुलगी चौथी.

वरांड्यात तू बूट भिंतीवर फेकलेस. "मला नकोत हे." मी ते उचलले आणि वाळवायच्या निमित्ताने घरी आणले.

यांना सांगितलं. हे खुर्चीवर बसले. मग उठून कोट घ्यायला गेले. "मी मास्तरांना सांगून येतो."

मी दारात उभी राहिले. "उद्या तिचा नाच आहे, उड्यांचा. आज सांगून तिचं डोकं फिरवायचंय का? उद्यानंतर सांगू."

"अगं, आपल्यामुळे झालं."

"म्हणूनच म्हणते. गप्प बसा. आणि ती धार मोडा आधी."

त्यांनी मोडली. लावायला दीड तास लागला होता, मोडायला दहा मिनिटं लागली. ती बरोबर पहिल्यासारखी झाली, मास्तर करायचे तशी बोथट.

दुसऱ्या दिवशी तू अशा उड्या मारल्यास की लोक उभे राहिले. सहावीपर्यंत वर आलीस. त्याच्या वर जाणं शक्य नव्हतं, आकृत्यांनी तुला तळाला बांधून ठेवलं होतं. तो टोपीवाला रविवारपर्यंत हॅनोव्हरमध्येच होता. मास्तरांनी त्याची मनधरणी केली. पुन्हा एकदा तिच्या आकृत्या बघा, ही मुलगी अशी नाही. तो म्हणाला, "काही कारण दाखवा. पायाला लागलं, बूट तुटला, काहीही. मी लिहून घेतो आणि उद्या बघतो." मास्तरांकडे कारण नव्हतं. कारण माझ्या स्वयंपाकघरात होतं. मी खिडकीत बसून हे बोलणं शब्दन् शब्द ऐकलं, आणि दोघांचे कोट काढून दिले.

रविवारी तो गेला.

सोमवारी मी जोड परत दिला. मास्तरांनी पातं नखाने तपासलं, ठीक आहे म्हणाले, तुला बर्फावर पाठवलं. तू सहाच्या सहा आकृत्या काढल्यास. तीन फेऱ्यांची एक रेघ. मी बादली खाली ठेवून बघत होते, केसाएवढाही फरक नव्हता. मास्तरांनी वाकून रेघा बघितल्या. मग म्हणाले, "पातं ठीक आहे. बर्फ ठीक आहे. गोल ठीक आहेत. मग राहिलं काय?" आणि काठीचं टोक तुझ्या कपाळाला हलकेच लावलं. "हे."

मारलं असतं तर बरं होतं.

त्या दिवसापासून तू घाबरट ठरलीस. मास्तरांच्या लेखी, तुझ्या वडिलांच्या लेखी, आणि महिन्याभरात तुझ्या स्वतःच्याही. जागा मी घालवली ती चुकून. हे दुसरं मी चुकून केलं नाही. धार मोडून मी पुरावा पुसला, आणि पुसलेल्या पुराव्याने तुला दोषी ठरवलं.

मास्तरांनी तुझ्या वडिलांकडून आणखी एक वर्ष मागून घेतलं. त्या वर्षी तू लहानसहान स्पर्धांना गेलीस. हायडेलबर्गकडे, आणखी कुठे कुठे. मी एकदा तुझ्याबरोबर आले. तिसऱ्या फेऱ्याला वळणाच्या आधी तुझा डावा पाय थांबायचा. पात्यात काही दोष नव्हता. पाय वाट बघायचा. मास्तर बरोबर ठरले होते, फक्त एक वर्ष उशिराने. वसंतात तू बूट दुकानाच्या माळ्यावर टाकलेस आणि काउंटरच्या मागे उभी राहिलीस. मी विचारलं, सोडतेस का. तू म्हणालीस, "वहिनी, मी त्यातली नाही. तेव्हा कळलं ते बरं झालं." मी म्हटलं, "रडायचं असेल तर पुढे जाऊन रड, इथे फरशी ओली आहे." मी असंच बोलायचे, म्हणून तुला वेगळं काही वाटलं नाही. तू हसलीससुद्धा.

हे दर वर्षी म्हणायचे, सांगून टाक. मग वर्षाआड म्हणायला लागले. मग नुसते बघायचे. त्यांनी पाट मांडणं त्या वर्षीपासून बंद केलं, कानशी कामावरच ठेवायला लागले. मी का सांगितलं नाही, याची कारणं मी पुष्कळ जमवली होती. माझी नोकरी, परवाना, यांची इज्जत. खरं कारण एकच होतं. तू यायची बंद झाली असतीस. परमुलखात मला एक माणूस मिळालं होतं, ते मला सोडायचं नव्हतं. त्यासाठी मी तुझं नाव तुझ्याच मनातून खराब होऊ दिलं. याला माया म्हणत असतील तर म्हणोत.

तुझी मुलगी चौदा वर्षांची असताना तिला पोहण्याच्या मोठ्या शिबिराला निवडलं होतं. मी दुकानात बसून पिस्त्याचं आइस्क्रीम खात होते. ती तुझ्यामागे जर्मनमध्ये भुणभुण करत होती. तू पेले पुसता पुसता म्हणालीस, "नाही जायचं. आपल्या घरात ऐन वेळेला पाय लटपटतात. मला ठाऊक आहे. तुला तरी वाचवते." पोर माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी बोलेन म्हणून. माझ्या तोंडात चमचा होता. मी तो तोंडातच ठेवला. परवा स्मशानात ती माझा हात धरून चालत होती. जपून हं, म्हणत होती, इथे निसरडं आहे.

आणि हे गेले तेव्हा तू महिनाभर रोज आलीस. सूप घेऊन. मी जेवत नव्हते तर समोर बसून राहायचीस. म्हणायचीस, "त्यांच्यासारखा साधा माणूस मी बघितला नाही." हे जाताना तुझंच नाव घेऊन गेले होते. मी तुला तेवढं सांगितलं, पुढचं वाक्य सांगितलं नाही.

तू आजारी पडलीस, मग दवाखान्यातून घरी पाठवणार नाहीत असं कळलं. मी ठरवलं, आता सांगायचं. काठी टेकत ट्रामने आले. तू जागी होतीस, चेहरा मुठीएवढा झाला होता. तुझ्या मुलीला मी कॉफी आणायला पाठवलं. वाक्य जुळवून आणलं होतं, जर्मनमध्ये, सोपं. तोंड उघडलं आणि तूच बोललीस.

"वहिनी, एक सांगू? कुणाला बोलले नाही कधी. त्या दिवशी मी घाबरले नव्हते."

मी काठी खुर्चीला टेकवली.

"सगळे म्हणाले तेव्हा मीही म्हटलं, असेल. पण आतून माहीत होतं. पाय टेकेपर्यंत मला भीती नव्हती. मग का टेकला? आयुष्यभर शोधलं. मला वाटतं मला वेड लागलंय."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "तू घाबरली नव्हतीस. मला माहीत आहे."

खरं होतं ते. साठ वर्षांत पहिल्यांदा मी तुला खरं बोलले. तू माझा हात थोपटलास आणि म्हणालीस, "तू नेहमी माझ्या बाजूने बोलतेस." आणि डोळे मिटलेस. मुलगी कॉफी घेऊन आली. मी ती प्यायले. पुढचं वाक्य माझ्याकडेच राहिलं. मी तासभर बसले होते, ओर्नेला. तू दोनदा डोळे उघडलेस. वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

चौथ्या दिवशी तू गेलीस.

मास्तर जाऊन चाळीस वर्षं होत आली. ते तुला घाबरट समजूनच गेले. हे जाऊन अकरा वर्षं झाली. तू तुझं म्हणणं बरोबर होतं हे न कळता गेलीस. ज्यांना हे सांगायचं होतं त्यांतलं कुणीही आता नाही. मी आहे. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, तब्येत ठणठणीत आहे.